चालक साहाय्य आणि स्थिरता नियंत्रण प्रणाली

चालक साहाय्य आणि स्थिरता नियंत्रण प्रणाली म्हणजे संवेदक आणि संगणक यांच्या साहाय्याने मोटारीचा वेग, दिशा व सभोवतालची परिस्थिती यांवर लक्ष ठेवणाऱ्या आणि गरज पडल्यास चालकाला इशारा देणाऱ्या किंवा स्वतः ब्रेक लावणाऱ्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणांचा समूह होय. या यंत्रणांचे दोन गट पडतात. पहिल्या गटात चाकांची रस्त्यावरील पकड सांभाळणाऱ्या यंत्रणा येतात, उदा. चाके जाम होऊ न देणारी ब्रेकप्रणाली म्हणजे एबीएस, चाके जागच्या जागी फिरू न देणारे कर्षण नियंत्रण आणि इलेक्ट्रॉनिक स्थिरता नियंत्रण म्हणजे ईएससी. दुसऱ्या गटातील यंत्रणा कॅमेरा व रडार यांच्याद्वारे पुढचा रस्ता पाहतात. त्यांना एकत्रितपणे एडीएएस असे संबोधले जाते. पहिला गट चाकांची उपलब्ध पकड योग्य जागी वापरतो, दुसरा चालकाच्या नजरेला जोड देतो; मात्र नसलेली पकड किंवा न दिसणारी वस्तू यांपैकी कोणतीही गोष्ट या यंत्रणा निर्माण करू शकत नाहीत. त्यांच्या सुरक्षित वापराचे बहुतेक नियम या एकाच मर्यादेतून निघतात.

इतिहास

बॉश कंपनीची इलेक्ट्रॉनिक एबीएस प्रणाली १९७८ मध्ये मर्सिडीज-बेंझच्या एस-क्लास मोटारीत प्रथम उपलब्ध झाली. याच दोन कंपन्यांनी १९९५ मध्ये स्थिरता नियंत्रण प्रणाली बाजारात आणली. सुरुवातीला ती केवळ महागड्या मोटारींपुरती मर्यादित होती. ऑक्टोबर १९९७ मध्ये स्वीडनमधील ‘टेक्निकेन्स व्हेर्ल्ड’ या नियतकालिकाने घेतलेल्या चाचणीत, रस्त्यावर अचानक आलेल्या सांबराला चुकवावे तशी वळणे घेताना मर्सिडीजची नवी, लहान ए-क्लास मोटार उलटली. कंपनीने त्यानंतर या मोटारीच्या सर्व प्रतींमध्ये स्थिरता नियंत्रण बसवले आणि ही प्रणाली सामान्य ग्राहकापर्यंत पोहोचण्याचा मार्ग खुला झाला. पुढे अमेरिकेत २०१२च्या मॉडेल वर्षापासून, तर युरोपीय संघात नोव्हेंबर २०१४ पासून सर्व नव्या मोटारींत ती सक्तीची झाली.

भारतात एप्रिल २०१९ पासून सर्व नव्या मोटारींना एबीएस आवश्यक आहे. १ जुलै २०१९ पासून चालकाची एअरबॅग, सीटबेल्टची आठवण करून देणारा इशारा, मागील पार्किंग संवेदक आणि वेगाचा इशारा यांचीही सक्ती झाली. वेगाचा इशारा ताशी ८० किमीच्या वर अधूनमधून आणि १२० किमीच्या वर सतत वाजतो. ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या ‘भारत एनकॅप’ या ऐच्छिक मूल्यांकनात तीन किंवा अधिक तारे मिळवण्यासाठी मोटारीत स्थिरता नियंत्रण असणे आवश्यक आहे. चाकण येथे तयार होणाऱ्या महिंद्रा एक्सयूव्ही७०० या मोटारीमुळे २०२१ नंतर एडीएएस हा शब्द महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय ग्राहकाच्या बोलण्यात रुळला.

कार्यपद्धती

स्थिरता नियंत्रणाचा संगणक दोन गोष्टींची सतत तुलना करतो: स्टिअरिंग किती वळवले आहे यावरून चालकाला कोठे जायचे आहे हे, आणि मोटार आपल्या उभ्या अक्षाभोवती प्रत्यक्षात किती वळत आहे हे. दोहोंत तफावत आढळली की तो एखाद्याच चाकाला ब्रेक लावतो. डाव्या वळणावर मोटार पुरेशी न वळता सरळ बाहेर जाऊ लागल्यास आतल्या बाजूचे, म्हणजे मागचे डावे चाक रोखले जाते. याउलट मागचा भाग बाहेर घसरू लागल्यास पुढचे उजवे चाक रोखले जाते. गरजेनुसार इंजिनाची शक्तीही कमी केली जाते. चारपैकी एकाच चाकाला ब्रेक लावणे मनुष्याला शक्य नाही. या कामात यंत्रणा कोणत्याही कुशल चालकाहून सरस ठरते.

तरीही तिचे सामर्थ्य टायर आणि रस्ता यांच्यातील घर्षणाइतकेच असते. १०० मीटर त्रिज्येचे सपाट वळण कोरड्या डांबरी रस्त्यावर, घर्षणांक ०.८ धरल्यास, जास्तीत जास्त ताशी सुमारे १०० किमी वेगाने घेता येते. रस्ता ओला होऊन घर्षणांक ०.४ झाला की ही मर्यादा ताशी सुमारे ७१ किमीवर येते. त्याहून अधिक वेगाने वळणात शिरलेली मोटार स्थिरता नियंत्रण असूनही बाहेर जाते. फार तर ती गिरकी न घेता, तोंड पुढे ठेवून जाते. थांबण्याच्या अंतराचेही तसेच आहे. ताशी १२० किमी वेगातील मोटारीला केवळ ब्रेक लागल्यानंतर थांबण्यास कोरड्या रस्त्यावर सुमारे ७१ मीटर, तर ओल्या रस्त्यावर सुमारे १४२ मीटर अंतर लागते. चालकाचा पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद गेला, तर त्यात आणखी ५० मीटरची भर पडते.

एडीएएसमध्ये साधारणतः पुढील काचेमागे बसवलेला कॅमेरा आणि बंपरच्या आत किंवा जाळीमागे असलेले रडार यांचा वापर होतो. कॅमेरा वस्तू ओळखतो. रडार अंतर आणि सापेक्ष वेग मोजते. या दोहोंच्या आधारे संभाव्य धडकेचा इशारा, आपत्कालीन स्वयंचलित ब्रेक, मार्गिका सोडल्याचा इशारा, मार्गिकेत राहण्यास साहाय्य आणि पुढच्या वाहनापासून ठरावीक अंतर राखणारे अनुकूली क्रूझ नियंत्रण या सुविधा मिळतात. स्वयंचलनाच्या शून्य ते पाच अशा प्रचलित श्रेणींमध्ये भारतातील एडीएएसयुक्त मोटारी सामान्यतः पहिल्या किंवा दुसऱ्या श्रेणीत मोडतात. दुसऱ्या श्रेणीत मोटार वेग आणि दिशा दोन्ही सांभाळते, परंतु लक्ष ठेवण्याचे काम पूर्णपणे चालकाकडेच असते. जाहिरातींतून ही बाब क्वचितच ठळकपणे मांडली जाते.

नागपूर परिसरातील वापर

नागपूर हे या तंत्राच्या सार्वजनिक वापराचे देशातील एक महत्त्वाचे केंद्र आहे. २०२१ मध्ये येथे ‘आय-रास्ते’ हा प्रकल्प सुरू झाला. इंटेल, हैदराबादची आंतरराष्ट्रीय माहिती तंत्रज्ञान संस्था, केंद्रीय रस्ते संशोधन संस्था, महिंद्रा आणि नागपूर महानगरपालिका यांचा त्यात सहभाग आहे. शहर बसगाड्यांमध्ये धडकेचा इशारा देणारी उपकरणे बसवून चालकांना सावध करणे हा त्याचा एक भाग होय. दुसरा भाग अधिक लक्षणीय म्हणावा लागेल: इशारे वारंवार कोठे वाजतात याची नोंद ठेवून, अपघात घडण्यापूर्वीच धोक्याच्या जागा शोधण्याचा प्रयत्न यात केला जातो. अपघात घडून गेलेल्या जागांना ‘ब्लॅक स्पॉट’ म्हणतात, तर तशी शक्यता असलेल्या या जागांना ‘ग्रे स्पॉट’ असे नाव आहे.

शहराच्या पश्चिमेस असलेले वाडी हे नगर परिषदेचे गाव या प्रणालींच्या मर्यादा समजून घेण्यास उपयुक्त उदाहरण आहे. अमरावती मार्ग, म्हणजे राष्ट्रीय महामार्ग ५३, वाडीच्या मधून जातो. अंबाझरी आयुध निर्माणीचा परिसर लगतच आहे. मालवाहतूक कंपन्या व गोदामे यांमुळे येथे ट्रकांची वर्दळ मोठी असते आणि रस्त्याच्या कडेला उभे असलेले ट्रक ही नित्याची बाब आहे. अनुकूली क्रूझ नियंत्रणाची दुबळी बाजू नेमकी हीच आहे. कमानी, फलक, कठडे अशा स्थिर वस्तूंमुळे विनाकारण ब्रेक लागू नये, म्हणून वेगात असताना रडारच्या स्थिर वस्तूंविषयीच्या संकेतांना कमी महत्त्व दिले जाते. परिणामी, पुढे चालणाऱ्या वाहनामागे व्यवस्थित वेग राखणारी मोटार उभ्या ट्रकला ओळखेलच अशी खात्री नसते. पुढचे वाहन ऐनवेळी बाजूला सरकले आणि त्याच्यापुढे ट्रक उभा असला, तर धोका सर्वाधिक असतो. बहुतेक मोटारींच्या माहितीपुस्तिकेत हा इशारा दिलेला असतो.

वाडीतील दुसरी अडचण सूर्याची आहे. रस्ता शहरापासून पश्चिमेकडे जात असल्याने सकाळी नागपूरकडे येणाऱ्या आणि संध्याकाळी परतणाऱ्या, अशा दोन्ही वेळच्या वाहनांना समोरून ऊन लागते. चालकाचे डोळे दिपतात त्या क्षणी कॅमेराही दिपतो. साहाय्याची गरज असते तेव्हाच ते कमी पडते. तीच गत पावसाळ्यात होते. शेतातून आलेल्या ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर काळी माती रस्त्यावर येते आणि पहिल्या सरींनी तिचा निसरडा थर तयार होतो. मार्गिकांचे पट्टे पुसट असणे, विरुद्ध दिशेने येणारे दुचाकीस्वार, मागे दिवा नसलेल्या ट्रॉल्या आणि मोकाट जनावरे ही परिस्थितीही प्रणालीच्या आकलनापलीकडे जाऊ शकते.

वाडीच्या दक्षिणेस शिवमडका येथून समृद्धी महामार्ग सुरू होतो. ७०१ किमी लांबीच्या या मार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी, तर इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. मोटारींसाठी येथील कमाल वेगमर्यादा ताशी १२० किमी आहे आणि दुचाकींना प्रवेश नाही. ठळक पट्टे, नियंत्रित प्रवेश आणि चौकांचा अभाव यांमुळे एडीएएसला हा मार्ग वाडीतील रस्त्यापेक्षा पुष्कळच मानवतो. येथील धोका वेगळा आहे. एकसुरी, सरळ रस्त्यावर चालकाला येणारी गुंगी, म्हणजे महामार्ग संमोहन, याकडे नागपूरच्या विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी लक्ष वेधले आहे. १ जुलै २०२३ रोजी सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याकडे जाणारी खासगी बस उलटून पेटली व २५ प्रवाशांचा मृत्यू झाला. त्यानंतर रात्रीच्या प्रवासातील चालकांचा थकवा हा राज्यभर चर्चेचा विषय झाला. मार्गिका सोडल्याचा इशारा अशा प्रसंगी खरोखर जीव वाचवू शकतो. पण वेग आणि दिशा दोन्ही मोटारीवर सोपवलेल्या चालकाला करण्यासारखे काहीच उरत नाही आणि गुंगी अधिक लवकर येते, ही या सोयीची दुसरी बाजू आहे. ७ मे २०१६ रोजी अमेरिकेतील विलिस्टन येथे ‘ऑटोपायलट’ चालू असलेली टेस्ला मोटार आडव्या आलेल्या ट्रकवर आदळून चालकाचा मृत्यू झाला. तेथील राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने स्वयंचलनावरील अतिविसंबून राहणे हे त्या अपघाताच्या कारणांपैकी एक ठरवले.

सुरक्षित वापर

एबीएस असलेल्या मोटारीत आपत्कालीन प्रसंगी ब्रेक पूर्ण जोराने दाबून धरावा लागतो. जुन्या मोटारींवर शिकलेले अनेक चालक सवयीने ब्रेक दाबतात व सोडतात. त्यामुळे थांबण्याचे अंतर वाढते. पायाखाली जाणवणारी थरथर आणि खडखडाट हे बिघाडाचे नव्हे, तर प्रणाली काम करत असल्याचे लक्षण आहे. ब्रेक दाबलेला असतानाही मोटार वळवता येते, हा एबीएसचा मुख्य लाभ असल्याने स्टिअरिंग मोकळ्या जागेकडे वळवता येते. सुट्या गिट्टीवर मात्र एबीएसमुळे थांबण्याचे अंतर वाढू शकते.

स्थिरता नियंत्रणाचा दिवा लुकलुकणे म्हणजे प्रणाली त्या क्षणी हस्तक्षेप करत आहे, अर्थात रस्त्याच्या मानाने वेग जास्त झाला आहे. तो सतत पेटलेला राहिल्यास प्रणाली बंद आहे किंवा तीत बिघाड आहे. ही प्रणाली बंद करण्याचे बटण असते ते मोटार चिखलात वा वाळूत रुतल्यावर चाके फिरवून ती बाहेर काढता यावी यासाठी. बाहेर पडताच ती पुन्हा चालू करणे आवश्यक असते.

क्रूझ नियंत्रण जोरदार पावसात, घाटात आणि गर्दीत वापरू नये. गर्दीत ते सुरक्षित अंतर राखते, परंतु त्या अंतरात लगेच दुसरे वाहन घुसते, मोटार स्वतःहून वेग कमी करते आणि मागून येणाऱ्या चालकाला त्याची कल्पना नसते. मार्गिका बदलताना इंडिकेटर न दिल्यास प्रणाली ती चूक समजून स्टिअरिंगला विरोध करते. ओढीला घाबरून उलट झटका देणे धोक्याचे असते. स्टिअरिंगवर हात असल्याचे भासवण्यासाठी त्याला बाटली अथवा वजन बांधण्याचे प्रकारही होतात. ज्या चालकाने असे केले, त्याने एकमेव राखणदार काढून टाकलेला असतो.

या कोणत्याही प्रणालीने सीटबेल्टची गरज कमी होत नाही. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर मोटार कठड्यावर आदळून उद्योजक सायरस मिस्त्री यांच्यासह मागे बसलेल्या दोघांचा मृत्यू झाला. मोटार आधुनिक सुरक्षा साधनांनी युक्त होती. मागच्या दोघांनी सीटबेल्ट लावला नव्हता, असे पोलिसांनी सांगितले.

कायद्याने चालकाची जबाबदारी कायम राहते. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १८४ खाली धोकादायक वाहन चालवल्याची कारवाई चालकावर होते. प्रणाली चालू होती हा त्यावर बचाव ठरत नाही.

देखभाल

सर्व प्रणालींचा शेवटचा दुवा टायर हा असतो. चारही टायर एकाच मापाचे व योग्य दाबाचे असावेत. खाचांची खोली १.६ मिमी इतकी उरली की टायरच्या खाचेतील उंचवटे पृष्ठभागाला टेकतात आणि तो बदलणे आवश्यक ठरते. विदर्भातील उन्हाळ्यात कमी हवेचा टायर सिमेंट रस्त्यावर तापून फुटण्याचा धोका असतो.

पुढची काच बदलल्यास कॅमेऱ्याचे, तर बंपरची दुरुस्ती झाल्यास रडारचे अंशांकन पुन्हा करून घ्यावे लागते. किंचित तिरपा बसलेला कॅमेरा दुसऱ्याच मार्गिकेतील वाहन आपल्यापुढे असल्याचे समजू शकतो. रडारसमोर साचलेला चिखल, स्टिकर किंवा फॅन्सी नंबरप्लेट यांमुळेही त्याचे काम बिघडते. बंपरपुढे बसवले जाणारे लोखंडी गार्ड रडारच्या आड येऊ शकतात, एअरबॅगच्या संवेदकांपर्यंत पोहोचणारा धक्का बदलतात आणि पादचाऱ्याला अधिक इजा करतात. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये असे गार्ड मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चे उल्लंघन असल्याचे राज्यांना कळवून त्यांवर कारवाई करण्यास सांगितले होते.