पाय शेवटी येतात

वरकुट्यातल्या आमच्या जुन्या घराच्या पडवीत, भिंतीवर कमरेच्या उंचीला एक काळपट, तेलकट पट्टा आहे. दर दिवाळीला घराला चुना लागतो, पण आई तेवढी जागा सोडायला लावते. तो पट्टा तात्यांच्या हाताचा आहे.

तात्या म्हणजे माझे धाकटे चुलते. १९७२ चा दुष्काळ. माणसं दुष्काळी कामावर खडी फोडत होती. विहिरीच्या तळाचं गढूळ पाणी फडक्यानं गाळून प्यायचं, मिळाली तर सुकडी खायची. तात्यांना हगवण लागली आणि चार दिवसांत थांबलीही. पंधरवड्यानं एका सकाळी ते घोंगडीवरून उठायला गेले, तर पाय उचलेनात. दुसऱ्या दिवशी भाकरीचा तुकडा मोडवेना. गाव म्हणालं, वारं गेलं. अंगारे झाले, गंडेदोरे झाले. आजीनं मात्र आपलं काम धरलं. दोन्ही वेळा कोमट तेलानं अंग चोळायचं आणि दिवसा-रात्री उठून कूस बदलायची. पाठीला एक जखम होऊ दिली नाही तिनं. महिन्याभरानं बोटं हलली. मग तात्या हातानं जेवू लागले. पाय यायला वर्ष गेलं. आई सांगते, "आलं पायातनं, गेलं बी पायातनंच. पर समद्यात शेवटाला."

ही गोष्ट ऐकतच मी मोठा झालो. तिचा अर्थ कळला तो जानेवारी २०२५ मध्ये.

पुतण्या शिकायला पुण्यात, सिंहगड रस्त्याला धायरीत खोली घेऊन राहत होता. एका सकाळी त्याचा फोन आला, "काका, जिना चढताना पाय उचलत नाहीत." आठवडाभर आधी जुलाब होऊन गेले होते. मी पोचेपर्यंत चूळ भरताना पाणी त्याच्या ओठांच्या कडेनं सांडू लागलं होतं. डॉक्टरांनी नाव सांगितलं, गुलेन-बॅरे सिंड्रोम, जीबीएस. धायरी, नांदेड, किरकटवाडी भागातून असेच रुग्ण येत होते. पुढच्या काही आठवड्यांत पुणे परिसरातला त्यांचा आकडा २०० च्या पुढे गेला. काही जण वाचले नाहीत. काहींच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला. दूषित पाण्यातून, कच्च्या राहिलेल्या कोंबडीच्या मांसातून तो पोटात जातो. त्याच्याशी लढायला निघालेली प्रतिकारशक्ती आपल्याच नसांवर उलटते. मोटारीच्या केबलचं आवरण उंदरानं कुरतडावं तसं नसांवरचं आवरण झिजतं आणि मेंदूचा निरोप पायापर्यंत पोचत नाही. १९१६ मध्ये फ्रेंच डॉक्टरांनी दोन सैनिकांमध्ये या आजाराची नोंद केली, पुढे त्यांचं नाव त्याला चिकटलं.

अतिदक्षता विभागात दर काही तासांनी डॉक्टर त्याला एका श्वासात अंक मोजायला लावायचे. पहिल्या दिवशी तो २२ पर्यंत गेला, मग १५, मग ११. आकडा उतरत होता, तसा व्हेंटिलेटर खाटेजवळ येत होता. पाच दिवस शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन चाललं. हजारो रक्तदात्यांच्या रक्तद्रवातून ते तयार करतात. त्या बाटलीकडे बघताना मला त्या अनोळखी माणसांना हात जोडावेसे वाटले. सातव्या दिवशी पोरगं पुन्हा १४ पर्यंत गेलं.

रात्रपाळीची परिचारिका दर दोन तासांनी त्याची कूस बदलायची. मला आजी आठवायची. तिच्याकडे औषध नव्हतं, आजाराचं नावही नव्हतं. पण शरीराला सावरायला वेळ लागतो आणि तोवर ते जपावं लागतं, हे तिला ठाऊक होतं. तात्यांचा श्वास अडला असता, तर मात्र तिच्या हातात काही नव्हतं. म्हणून सांगतो, जुलाबानंतर हातापायांना मुंग्या आल्या, जोर गेला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणि पाणी उकळून प्या.

ज्येष्ठात पुतण्या गावी आला. हातात जोर आला होता, पाऊल अजून फरफटत होतं. फिजिओथेरपिस्टनं दिलेले व्यायाम झाले की आई तेल चोळायची, मग तो भिंतीला धरून पडवीभर चालायचा. पोरगं तात्यांपेक्षा उंच. त्याचा हात वीतभर वर पडायचा.

त्या वर्षीच्या दिवाळीत आईनं चुना लावणाऱ्याला दोन पट्टे सोडायला सांगितले.