अंतरपट

इसवी सनापूर्वी ६३ मध्ये रोमन सेनापती पाँपे याने यरुशलेम जिंकले आणि तो थेट तिथल्या मंदिराच्या सर्वांत आतल्या खोलीत शिरला. त्या खोलीत वर्षातून एकाच दिवशी एकच माणूस जात असे. बाकी कोणी तिथे पाऊल टाकले तर तो जिवंत राहणार नाही, अशी यहुदी लोकांची पिढ्यानपिढ्यांची श्रद्धा होती. एवढ्या बंदोबस्तात ठेवलेली वस्तू पाहावी म्हणून पाँपे आत गेला, पण तिथे मूर्ती नव्हती. रोमन इतिहासकार टॅसिटसने लिहून ठेवले आहे की खोली रिकामी होती.

हा प्रसंग मी प्रथम वाचला तेव्हा मला आपल्याकडचा गाभारा आठवला. गाभाऱ्यातही अंधार असतो, उंबरठा असतो आणि तो ओलांडण्याचा अधिकार ठरावीक लोकांनाच असतो. पण आत देव दिसतो. दर्शन हा शब्दच मुळी पाहण्याचा आहे. यरुशलेमच्या गाभाऱ्यात पाहण्यासारखे काहीच नव्हते. पूर्वी तिथे कराराचा कोश होता. बाबेलच्या सैन्याने इसवी सनापूर्वी सहाव्या शतकात पहिले मंदिर जाळले, त्यानंतर त्या कोशाचा पत्ता नाही. मंदिर पुन्हा बांधले, पण ती खोली रिकामीच राहिली. मिश्ना या यहुदी ग्रंथात म्हटले आहे की जमिनीच्या तीन बोटे वर आलेला एक दगड तेवढा तिथे होता. महायाजक त्यावर धुपाचे पात्र ठेवी.

म्हणजे पावित्र्य एखाद्या वस्तूत नव्हते, ते अंतरात होते. मंदिराची सारी रचना त्या अंतराचीच होती. सर्वांत बाहेर परराष्ट्रीयांचे अंगण, मग स्त्रियांचे, मग इस्राएली पुरुषांचे, मग याजकांचे. त्यानंतर पवित्रस्थान, आणि त्याच्या आत पडद्याआड परमपवित्रस्थान. प्रायश्चित्ताच्या दिवशी महायाजक स्नान करून, नेहमीची झगझगीत वस्त्रे उतरवून, साधी तागाची वस्त्रे घालून पडद्याआड जाई. आधी स्वतःच्या पापासाठी बैलाचे रक्त नेई, मग लोकांच्या पापासाठी बकऱ्याचे. अहरोनाचे दोन मुलगे, नादाब आणि अबीहू, सांगितले नव्हते तो अग्नी घेऊन देवासमोर गेले आणि जळून मेले, ही कथा प्रत्येक याजकाला पाठ असणार. मिश्ना सांगते की महायाजक बाहेर आल्यावर प्रार्थना मुद्दाम थोडक्यात आटपत असे, कारण त्याला उशीर झाला तर बाहेरचे लोक घाबरून जात. (महायाजकाच्या पायाला दोरी बांधत, तो आत मेला तर ओढून काढता यावा म्हणून, असे प्रवचनांत हमखास ऐकायला मिळते. त्याला बायबलमध्ये किंवा मिश्नात आधार नाही. ही गोष्ट मध्ययुगातली आहे. पण लोकांना ती इतकी आवडते की ती मरायचे नाव घेत नाही.)

देवाच्या या गुणासाठी हिब्रूत ‘कादोश’ असा शब्द आहे. त्याचा अर्थ सामान्यतः ‘वेगळा काढलेला’ असा लावतात. मराठी बायबलने त्यासाठी ‘पवित्र’ हा शब्द घेतला. या शब्दाचे कूळ निराळे आहे. ऋग्वेदात पवित्र म्हणजे सोमरस गाळायची लोकरीची गाळणी. पुढे धर्मकृत्यात बोटात घालायच्या दर्भाच्या अंगठीलाही हेच नाव मिळाले. म्हणजे आपल्या शब्दात शुद्ध करणे आहे, तर हिब्रू शब्दात वेगळे असणे. त्या वेगळेपणाला सर्वांत जवळचा मराठी शब्द खरे तर ‘सोवळे’ हा आहे. शिवू नये, दूर राहावे, आधी स्नान करावे, हे सगळे त्यात आहे. पण सोवळे म्हटले की कोणाची सावली टाळायची हेही त्यात येते. भाषांतरकारांनी तो शब्द घेतला नाही हे बरे झाले, असे मला नेहमी वाटते. मात्र शब्द टाळला म्हणून ती गोष्ट टळली नाही, हे पुढे येईलच.

एक शब्द मात्र भाषांतरकारांच्या हाती फार सुंदर लागला. निर्गमच्या पुस्तकात निळ्या, जांभळ्या आणि किरमिजी सुताच्या, करुब विणलेल्या त्या पडद्याला मराठी बायबल ‘अंतरपट’ म्हणते. हा आपला लग्नातला शब्द. नवरानवरीमध्ये धरलेले ते वस्त्र मंगलाष्टके संपेपर्यंतच असते. ते धरतात ते दूर करण्यासाठीच. हिब्रू शब्दात ही छटा मुळीच नाही. मराठी वाचकाला मात्र पडद्याचे वर्णन वाचतानाच कळून चुकते की हा कायमचा नव्हे.

येशूच्या मृत्यूच्या क्षणी तो पडदा वरून खालपर्यंत फाटला, असे शुभवर्तमाने सांगतात. वरून म्हणजे माणसाच्या हाताने नव्हे, असा अर्थ भाष्यकार काढत आले आहेत. ‘इब्री लोकांस पत्र’ या पुस्तकाने त्यावर आपला सगळा युक्तिवाद उभा केला. महायाजकाला दरवर्षी जावे लागे, कारण त्याचे काम कधी पुरे होतच नसे. ख्रिस्त एकदाच गेला, स्वतःचे रक्त घेऊन गेला, आणि वाट उघडी ठेवून गेला. आता कोणीही धीटपणे जवळ यावे. हे पत्र कोणी लिहिले ते ठाऊक नाही. तिसऱ्या शतकातला पंडित ओरिजेनही म्हणाला होता की ते देवालाच माहीत.

पण याच पत्राच्या शेवटाकडे तोच लेखक देवाला भस्म करणारा अग्नी म्हणतो, आणि आदराने व भयाने उपासना करायला सांगतो. हे विसरले जाते. हल्ली गिटार आणि ढोलाच्या गजरात देवाला गल्लीतल्या मित्रासारखी हाक मारणाऱ्या सभा मी पाहिल्या आहेत. त्यांच्यातली ऊब खोटी नाही. तरी यशया संदेष्ट्याला मंदिरात जे दिसले ते मला अशा वेळी आठवते. उज्जीया राजा वारला त्या वर्षी त्याने उंच सिंहासन पाहिले, धुराने भरलेले मंदिर पाहिले, उंबरठे हादरताना पाहिले. सराफीम तीनदा ‘पवित्र’ म्हणत होते, आणि यशयाच्या तोंडून निघाले ते स्वतःच्या अशुद्ध ओठांबद्दलचे हाय हाय. तो आपण होऊन पुढे गेला नाही. वेदीवरचा निखारा त्याच्या ओठांपर्यंत आणला गेला. जवळ येणे आणि भय सरणे ही एकच गोष्ट नव्हे, हे त्या एका प्रसंगात जितके स्पष्ट आहे तितके पुढच्या कित्येक ग्रंथांत नाही.

आता भिंतीकडे येतो. हेरोदाने वाढवलेल्या मंदिरात परराष्ट्रीयांच्या अंगणापुढे दगडी कठडा होता. योसेफस हा इतिहासकार त्याची उंची तीन हात सांगतो. त्यावर ग्रीक आणि लॅटिन भाषांत इशारे कोरलेले होते: परक्याने यापुढे येऊ नये, आला तर त्याच्या मरणाला तोच जबाबदार. ही ऐकीव गोष्ट नाही. १८७१ मध्ये फ्रेंच संशोधक क्लेरमाँ-गानो याला यातला एक अख्खा शिलालेख यरुशलेमात सापडला. तो आज इस्तंबूलच्या संग्रहालयात आहे. प्रेषित पौलाला अटक झाली ती याच कठड्यावरून. इफिसकर त्रफिमाला त्याने आत नेले अशी आवई उठली आणि जमाव त्याला मारायला धावला. त्याच पौलाच्या नावाने असलेल्या इफिसकरांस पत्रात ख्रिस्ताने मधली आडभिंत पाडली असे वाक्य येते, तेव्हा लिहिणाऱ्याच्या मनात हा कठडा नसेल असे मानणे मला कठीण जाते.

देव आणि माणूस यांच्यामधला पडदा, आणि माणूस व माणूस यांच्यामधली भिंत, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ख्रिस्ती इतिहासात माणसांनी पडदा पुन्हापुन्हा टांगला. त्यात फारसे बिघडले असे मी म्हणणार नाही. आरंभीचे ख्रिस्ती घरांतच जमत. सीरियातल्या दूरा-युरोपोस इथे तिसऱ्या शतकातले असे एक घर सापडले आहे. चौथ्या शतकात मोठी मंदिरे उभी राहिली आणि वेदीपुढे जाळी आली. पूर्वेकडच्या मंडळ्यांत तिची पुढे चित्रांनी भरलेली भिंत झाली. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये आर्चबिशप लॉड याने वेदीभोवती कठडे घालायला लावले. त्याचे एक कारण कुत्री वेदीपाशी येतात हे होते! प्युरिटन लोकांनी ते कठडे जाळले. केरळमधल्या सुरियानी मंडळ्यांत आजही वेदी पडद्यामागे असते आणि उपासनेत ठरावीक वेळी तो पडदा ओढून घेतात, पुन्हा उघडतात. ते पाहताना अंगावर काटा येतो. याजकाने लोकांकडे तोंड करायचे की वेदीकडे, यावर सिरो-मलबार मंडळीत २०२१ च्या धर्मसभेच्या निर्णयानंतर एर्नाकुलममध्ये जे पेटले, ते बाहेरच्याला क्षुल्लक वाटेल. पण देवाजवळ कसे उभे राहायचे हा प्रश्न तिथे लोकांना अजून जिव्हाळ्याचा वाटतो, एवढे तरी त्यातून दिसते.

भिंतीची गोष्ट वेगळी. तिने खरे नुकसान केले, आणि तेही पावित्र्याचेच नाव घेऊन.

गेली काही वर्षे मी तमिळनाडूत राहतो. तंजावरला गेलो की बहुतेक मराठी माणसे सरस्वती महाल आणि राजवाडा पाहून परततात. मी त्यांना श्वार्त्झच्या चर्चमध्ये जायला सांगतो. तिथे संगमरवरात कोरलेले एक दृश्य आहे: मृत्युशय्येवरचा म्हातारा जर्मन मिशनरी, आणि त्याचा हात धरलेला तरुण राजा. राजा म्हणजे आपले सरफोजीराजे. श्वार्त्झ त्यांचा पालक होता, आणि हे स्मारक त्यांनीच लंडनच्या फ्लॅक्समन या शिल्पकाराकडून करवून घेतले. सरफोजी ख्रिस्ती झाले नाहीत. पण श्वार्त्झच्या हाताखाली त्यांच्याबरोबर वाढलेला वेदनायकम शास्त्री हा तमिळ ख्रिस्ती कवी होता, आणि तो मराठा दरबाराच्या आश्रयाने राहिला.

या वेदनायकमनेच १८२९ मध्ये जातिभेद मोडू पाहणाऱ्या नव्या मिशनऱ्यांविरुद्ध लेखणी उचलली. ट्रांकेबारला १७०६ पासून आलेल्या जुन्या मिशनऱ्यांनी वेल्लाळ आणि परैयर ख्रिस्ती लोकांना चर्चमध्ये वेगवेगळे बसू दिले होते. नवे मिशनरी सर्वांनी एकत्र बसावे, एकाच प्याल्यातून प्रभुभोजन घ्यावे असे म्हणू लागले. त्याचबरोबर त्यांनी तमिळ गाणी, फुले, सण यांवरही घाव घातला. वेदनायकमची ही दुसरी तक्रार मला रास्त वाटते. त्याच्या पदांवर ज्यांची भक्ती पोसली, त्यांना ती गाऊ नका म्हणणारा परका माणूस कोण? पण दोन्ही गोष्टी त्याने एकाच गाठोड्यात बांधल्या. गाणे हा आमचा रिवाज, तसेच वेगळे बसणे हाही आमचा रिवाज. १८३३ मध्ये कलकत्त्याचे बिशप डॅनिएल विल्सन यांनी मंडळीतला जातिभेद ताबडतोब आणि कायमचा सोडावा असा हुकूम काढला, तेव्हा तंजावरच्या अनेक वेल्लाळ कुटुंबांनी प्रभुभोजनापेक्षा मंडळी सोडणे पसंत केले.

कॅथोलिकांची कहाणी दगडात बांधलेली आहे. तिरुनेलवेली जिल्ह्यात, कन्याकुमारीच्या वाटेवर वडक्कनकुळम नावाचे गाव आहे. त्रावणकोरच्या दरबारातला नीलकंठन नावाचा अधिकारी इथे १७४५ मध्ये बाप्तिस्मा घेऊन देवसहायम झाला. तो खालच्या मानलेल्या जातींत मिसळू लागला आणि १७५२ मध्ये मारला गेला. २०२२ मध्ये पोपने त्याला संत घोषित केले. त्याच गावात १८७२ मध्ये जे नवे चर्च बांधले, त्याला पाटलोणीसारख्या दोन तंगड्या होत्या. एका बाजूला वेल्लाळ, दुसऱ्या बाजूला नाडार, आणि दोन्ही बाजू जिथे मिळतात तिथे वेदी. वेदीवरच्या याजकाला दोन्हीकडची माणसे दिसत. त्या माणसांना एकमेकांची तोंडे दिसत नसत. सगळ्यांना देवापर्यंत पोचता येत होते, असे बांधणाऱ्यांचे म्हणणे असेल, आणि नकाशावर ते खरेही आहे. यरुशलेमच्या मंदिरात तरी अंतर देवापासूनचे होते. इथे देव मध्ये उभा करून त्यालाच भिंतीचे टोक केले.

१९१० मध्ये फादर कोसानेल या जेझुइट धर्मगुरूने ती भिंत पाडली. पाडल्यावर वेल्लाळ कोर्टात गेले. प्रकरण मद्रास हायकोर्टापर्यंत पोचले. वेगळ्या जागेचा हक्क कोर्टाने मानला नाही. नाशिकला काळाराम मंदिरापुढे सत्याग्रह सुरू झाला तो १९३० मध्ये, आणि पंढरपूरचे दार उघडावे म्हणून साने गुरुजींनी उपवास केला तो १९४७ मध्ये. त्या दोन्ही घटना प्रत्येक मराठी शाळकरी मुलाला ठाऊक असतात. वडक्कनकुळमचे नाव मी नगरच्या आमच्या मंडळीत कधीच ऐकले नव्हते, आणि तिथे बहुतेकांचे आजे-पणजे महारवाड्यातून किंवा मांगवाड्यातून चर्चमध्ये आलेले.

आज ते चर्च एकसंध आहे. डिसेंबर २०१६ मध्ये भारतातल्या कॅथोलिक बिशपांच्या परिषदेने दलित सबलीकरणाचे धोरण जाहीर केले. त्यात अस्पृश्यता मंडळीतही पाळली जाते, ही कबुली आहे. मात्र तमिळनाडूतल्या काही गावांत बाके एक झाली तरी दफनभूमी अजून दोन आहेत. एक उंचवट्यावर, एक ओढ्याकडेला.