मार्कोव्याचे उघडे दार

ठाण्यातील मासुंदा तलावाकाठचे संत योहान बाप्तिस्ता चर्च आणि टेंभी नाक्याजवळचे, १८७९ साली उभारलेले ‘शाआर हाशामाईम’ हे यहुदी प्रार्थनामंदिर यांत फारसे अंतर नाही. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ‘शनिवार तेली’ म्हटले गेलेले बेने इस्रायली या कोकणात पिढ्यान्‌पिढ्या निर्भयपणे नांदले. म्हणूनच, यहुद्याला दार उघडणे हाच जेथे देहान्ताचा गुन्हा होता, तो काळ आम्हांला सहजी उमगत नाही.

पोलंड नाझींच्या टाचेखाली होते. १५ ऑक्टोबर १९४१ च्या फर्मानाने यहुद्यांना आसरा देणाऱ्यास मृत्युदंड ठरला. मार्कोवा या खेड्यात युझेफ आणि विक्टोरिया उल्मा हे कॅथॉलिक शेतकरी दांपत्य राहत असे. ७ जुलै १९३५ रोजी त्यांचा विवाह झाला होता. युझेफ फळझाडे लावी, मधमाश्या पाळी, छायाचित्रे काढी. १९४२ च्या अखेरीस त्यांनी आठ यहुद्यांना घरात घेतले: शौल गोल्डमन, त्यांचे चार पुत्र, नात्यातील दोन स्त्रिया आणि एक लहान मुलगी. घरची माणसे आठ, आश्रित आठ. माळ्यावर बिऱ्हाड, पाहुणे युझेफला कातडी कमावण्यात हातभार लावीत. एवढ्यांची चूल पेटती ठेवणे हे विक्टोरियाचे रोजचे व्रतच म्हणावे लागेल.

२४ मार्च १९४४ च्या पहाटे जर्मन पोलीस आले. प्रथम यहुद्यांना, मग घरापुढे युझेफ व गर्भवती विक्टोरिया यांना आणि शेवटी सहाही मुलांना त्यांनी गोळ्या घातल्या. थोरली स्तानिस्वावा सात वर्षांची होती. घरातील धर्मग्रंथात चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्याशी एकच शब्द लिहिलेला आढळला: ‘होय’.

चुगली केल्याचा संशय ज्याच्यावर आहे, तो पोलीसही त्याच मातीतला होता, हे आम्ही विसरू नये. तसेच हेही विसरू नये की, या हत्याकांडानंतरही मार्कोव्यातील इतर शेतकऱ्यांच्या घरी लपलेले सुमारे वीस यहुदी युद्धाच्या अंतापर्यंत वाचले. भीतीने सारीच दारे बंद झाली नाहीत.

१९९५ साली इस्राएलच्या याद वाशेम संस्थेने या दांपत्याला ‘राष्ट्रांतील नीतिमान’ हा सन्मान दिला. १० सप्टेंबर २०२३ रोजी ख्रिस्तसभेने संपूर्ण कुटुंबाला, प्रसूत होता होता मृत्यू पावलेल्या त्या अर्भकासह, धन्यवादित घोषित केले. त्यांचा सण ७ जुलैला, म्हणजे त्यांच्या लग्नाच्या वाढदिवशी येतो. हौतात्म्याची मुळे संसारातच असतात, हेच जणू त्यातून सुचविले गेले आहे.

मुलांचा जीव धोक्यात घालण्याचा अधिकार आईबापांना होता काय, हा प्रश्न आम्हांला छळतो आणि त्याचे सोपे उत्तर आमच्यापाशी नाही. पण ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या आमच्या इमारतींत खोली भाड्याने देताना आधी आडनाव विचारले जाते, तेव्हा कोणाचेही प्राण पणाला लागलेले नसतात. तेथे तरी ‘होय’ म्हणणे आम्हांला जड का जावे?