शोधणाऱ्याचीही नोंद होते : काशीच्या वह्या आणि आपली सर्च इंजिनं

आजचा विषय सर्च इंजिनचा, पण सुरुवात वाराणसीत ब्रह्माघाटाजवळच्या एका माडीवरून करू या. पंचगंगा, दुर्गाघाट, ब्रह्माघाट हा काशीतल्या मराठी मंडळींचा जुना मोहल्ला. मी बाबांना घेऊन तिथल्या आमच्या तीर्थोपाध्यायांकडे गेलो होतो. बाबांना त्यांच्या आत्याचा शोध घ्यायचा होता. बालविधवा. ती इन्फ्लुएंझाच्या साथीत, 1918 साली गेली, असं घरात सांगत. बाबांना ते कधी पटलं नव्हतं.

आदल्या रात्री लॉजवर मी तिचं नाव, आडनाव आणि गाव फोनवर शोधून पाहिलं होतं. गूगल, डकडकगो, स्टार्टपेज, तिन्हींवर. वेगात मला फरक जाणवला नाही; पापणी लवायच्या आत तिघांनीही हात वर केले. पण दुसऱ्या दिवशी फोनवर गयेच्या पिंडदानाच्या जाहिराती सुरू झाल्या. 2008 साली निघालेलं डकडकगो शोधांचा इतिहास माणसाशी जोडून ठेवत नाही. निकाल मात्र बरेचसे मायक्रोसॉफ्टच्या बिंगकडून घेतं. स्टार्टपेज आपला प्रश्न गूगलला विचारतं, पण विचारणारा कोण हे पुढे सांगत नाही. आणि ती गुप्त विंडो? ती आपल्या फोनवरचा माग पुसते, एवढंच. घरच्यांपासून लपवते, कंपनीपासून नाही.

आता वह्यांकडे येऊ. गुरुजींनी आधी गाव विचारलं, मग आडनाव, मग जात, मग आजोबांचं नाव. वह्या गावागावाने लावलेल्या असतात. गाव चुकलं तर शोध तिथेच खुंटतो. नाशिकला अशाच नोंदींना नामावळ म्हणतात. जुनी पानं मोडीत. यात्रेकरू आला की आपल्या हाताने नाव, वडिलांचं नाव, भाऊ, मुलं लिहायची आणि खाली सही. म्हणजे जो शोधायला येतो, तो स्वतःही वहीत जातो. शोधणाऱ्याची नोंद ठेवणं ही काही अमेरिकेतल्या कंपन्यांची युक्ती नव्हे.

आणि जुनं ते सगळं सोवळं, असंही समजू नका. तीर्थोपाध्येपण ही वंशपरंपरागत मिळकत. भावाभावांत गावं वाटली जात, त्याबरोबर वह्याही. हक्क विकले जात, गहाण पडत, त्यावरून कोर्टकचेऱ्या होत. यजमान मात्र होता तिथेच, त्याला कोण विचारतो! वारसाहक्काच्या दाव्यांत या वह्या पुरावा म्हणूनही पुढे आल्या आहेत. 1872 च्या पुरावा कायद्यात, वाद सुरू होण्याआधी नात्याबद्दल मृत माणसाने लिहून ठेवलेलं विधान ग्राह्य धरायची सोय होती.

फरक कुठे पडतो, ते 2006 साली दिसलं. एओएल या अमेरिकन कंपनीने साडेसहा लाखांच्या आसपास लोकांचे तीन महिन्यांतले सुमारे दोन कोटी शोध संशोधकांसाठी म्हणून उघड केले. नावं काढून आकडे घातले होते. न्यूयॉर्क टाइम्सच्या बातमीदारांनी काही दिवसांतच त्यातल्या एका आकड्यामागची बाई शोधून काढली. तिने स्वतःचं नाव कुठेच लिहिलं नव्हतं. आजार, गाव, आडनावाची माणसं, एवढंच शोधलं होतं. वहीत आपण काय लिहून दिलं ते आपल्याला माहीत असतं. तिला ते माहीत नव्हतं. आपल्याकडे खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला 2017 च्या ऑगस्टमध्ये, आणि डेटा संरक्षणाचा कायदा 2023 मध्ये.

तर, आमची वही सापडायला तासभर लागला. मध्ये चहा झाला. शके 1845, म्हणजे 1923. पणजोबांचं अक्षर. गुरुजी मनातल्या मनात वाचत गेले आणि थांबले. दारात दुसरे यजमान येऊन बसले होते. त्यांना त्यांनी खाली थांबायला सांगितलं, मग बाबांना विचारलं, "काका, मुलासमोर वाचू ना?"

बाबांनी मान हलवली.

मुलांच्या नावांखाली आत्याचं नाव होतं आणि पुढे दोन शब्द : वास्तव्य काशी. म्हणजे साथीनंतर पाच वर्षांनीही ती जिवंत होती, इथेच, याच गल्ल्यांत कुठेतरी. आणि पणजोबांना ते ठाऊक होतं. त्यापुढे तिची नोंद नाही. बाबा बराच वेळ त्या पानावर हात ठेवून बसले.

मी फोन काढला, तसे गुरुजी म्हणाले, "फोटो नको. एकदा काढलात की हे पान माझ्या कपाटात राहत नाही. हवं तर उतरवून घ्या."

मी उतरवून घेतलं. मग आमची नोंद करायला त्यांनी चालू वही पुढे केली. मी माझं, भावाचं, मुलांची नावं लिहिली आणि सही करणार, तेवढ्यात बाबा म्हणाले, "आत्याचंही लिही." पुढे काय लिहायचं, विचारलं. म्हणाले, "काशी."