नहर, नळ आणि वॉलमन

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

आमच्या साखरखेर्ड्याला इतिहासाच्या पुस्तकात एक ओळ मिळाली आहे. ऑक्टोबर १७२४ मध्ये निजाम-उल-मुल्क आणि हैदराबादचा सुभेदार मुबारिझखान यांची लढाई आमच्या शिवारात झाली. मुबारिझखान मारला गेला आणि दख्खनवर निजामाचा अंमल पक्का झाला. विजयाची खूण म्हणून गावाचं नाव बदलून फत्तेखेर्डा ठेवलं. ते नाव सरकारी कागदांवर बरीच वर्षं टिकलं, पण लोकांच्या जिभेवर काही बसलं नाही. जिंकणारा परत फिरला, गाव साखरखेर्डाच राहिलं.

निजामाचं मुख्य ठाणं त्यानंतरही बराच काळ औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात होतं. राजधानी हैदराबादला हलली ती १७६३ मध्ये. आमच्याकडची लढाई सर्वांना ठाऊक असते. पण त्या लढाईतल्या विजेत्याच्या शहराची तहान कोणी भागवली, हे विचारलं तर उत्तर चटकन येत नाही. ती भागवली त्याच्या शंभर वर्षं आधी तिथे नांदून गेलेल्या एका हबशी माणसाने. गुलाम म्हणून विकला गेलेला आणि पुढे निजामशाहीचा वजीर झालेला मलिक अंबर.

मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी वसवली. तेच पुढचं औरंगाबाद. गावाजवळून वाहणारी खाम नदी वर्षभराच्या भरवशाची नव्हती. त्याने हर्सूलच्या बाजूच्या डोंगरपायथ्याशी जमिनीत मुरलेलं पाणी शोधलं आणि भुयारी मार्गाने उताराउताराने शहरात आणलं. ही नहर-ए-अंबरी. त्याच सुमारास, १६१५ मध्ये, बुऱ्हाणपुरात अब्दुर्रहीम खानखानाच्या काळात कुंडी भंडारा तयार झाला, तत्त्व तेच. पंप नाही, इंधन नाही. पाण्याला उतार दिला की ते आपण होऊन चालतं.

मला यातला खरा कसबाचा भाग वाटतो तो शहरात शिरल्यावरचा. तिथे पाणी खापरी नळांतून, म्हणजे भाजलेल्या मातीच्या नळांतून जायचं. त्यांच्याभोवती दगड-चुन्याचं बांधकाम. खापर दाब सोसत नाही, फुटतं. म्हणून मध्ये मध्ये उंच मनोरे बांधले. पाणी मनोऱ्यात वर चढायचं, उघड्या हौदात दम खायचं, अडकलेली हवा सोडून द्यायचं आणि दुसऱ्या बाजूने उतरून पुढच्या टप्प्याला लागायचं. दाब वाटला जायचा. डोंगराकडच्या भुयाराला ठिकठिकाणी माणूस उतरेल एवढी तोंडं ठेवली होती, गाळ काढायला. पुण्याला पेशव्यांनी कात्रजहून जो नळ आणला, त्यावरच्या अशा तोंडांना उच्छ्वास म्हणतात. कवी म्हणवून घेतो मी, पण हा शब्द मला सुचला नसता.

पुढे शहरात आणखी नहरी झाल्या. पाणचक्कीची नहर त्यातली प्रसिद्ध. लहानपणी मावशीकडे गेलो की पाणचक्कीला नेत. हौदाच्या खाली मोठं दालन आहे, म्हणजे डोक्यावर पाणी आणि खाली आपण. भर मे महिन्यात तिथे गारवा. मी मावशीला विचारायचो, "खाला, हे पाणी येतं कुठून?" ती हाताने डोंगर दाखवायची. मधल्या रस्त्यात तर कुठेच पाणी दिसायचं नाही.

दिसत नव्हतं, हेच पुढे नडलं. विसाव्या शतकात घराघरात तोटी आली. १९७६ मध्ये जायकवाडीचं धरण पूर्ण झालं आणि शहर गोदावरीच्या पाण्यावर विसंबलं. नहरी कोणाच्याच रोजच्या कामाच्या राहिल्या नाहीत. पाया खणताना खापरी नळ फुटले, तोंडं बुजली. तीनशे वर्षं चाललेली गोष्ट जीर्ण होऊन मेली असं म्हणतात. मला ते पटत नाही. तिच्यात उतरणारी माणसं संपली, म्हणून ती मेली.

नव्या नळाचं आयुष्य काय? बिडाचा नळ नीट घातला तर पिढ्यान् पिढ्या टिकतो. फ्रान्समध्ये व्हर्सायच्या बागेत १६६४ च्या सुमारास घातलेले बिडाचे नळ तीनशे वर्षांहून जास्त चालले. पण जायकवाडीहून आलेली सातशे मिलिमीटरची जुनी वाहिनी पन्नाशीही न गाठता वारंवार फुटू लागली. डिसेंबर २०२० मध्ये १,६८० कोटींच्या नव्या योजनेचं भूमिपूजन झालं, तिची मुख्य वाहिनी अडीच हजार मिलिमीटर व्यासाची. पुढे तो खर्च २,७४० कोटींवर गेला.

गल्लीतल्या नळाचं दुखणं वेगळंच. आपल्याकडे पाणी तासभर येतं, मग जातं. नळ रिकामा झाला की आतला दाब संपतो आणि सांध्यातल्या भेगेतून शेजारच्या गटाराचं पाणी आत ओढलं जातं. त्यात घरोघरी टिल्लू पंप. पुढच्या पाळीला पहिल्या घागरीत तेच. २०१२ मध्ये इचलकरंजीत दूषित पाण्यातून काविळीची साथ आली, माणसं दगावली. कराडजवळच्या मलकापूरने २००९ पासून नवे नळ घालून चोवीस तास पाणी दिलं. नळ सतत भरलेला असला की गळती झालीच तर बाहेर होते, घाण आत येत नाही. साधी गोष्ट, पण त्यासाठी रस्त्याखालचा सगळा जुना नळ बदलावा लागतो. आणि बदलायचा तर तो कुठे आहे, हे आधी माहीत हवं.

हे मी डोळ्यांनी पाहिलं. गेल्या उन्हाळ्यात एका शहरात धाकट्या बहिणीच्या घरासमोर जुना पाइप बदलण्यासाठी रस्ता खणला. जेसीबीचा दात भलत्याच नळाला लागला. दोन गल्ल्या कोरड्या, रस्त्यात तळं. व्हॉल्व्ह कुठे, कोणालाच ठाऊक नाही. शेवटी निवृत्त वॉलमनला रिक्षात घालून आणलं. सगळे त्याला मामा म्हणतात.

"मामा, नकाशात तर इथं काहीच नाही," साहेब म्हणाले.

"नकाशा नंतर केला, साहेब. नळ आधीचा हाये."

लिंबाच्या झाडापासून काठीने मोजत तो गेला आणि एका ओट्याच्या कडेशी थांबला. डांबर फोडलं, झाकण निघालं. नवा पाइप पडला तेव्हा त्याने पोराला रंगाचा डबा आणायला लावला आणि बहिणीच्या कुंपणाच्या भिंतीवर लिहून घेतलं : व्हॉल्व्ह, भिंतीपासून साडेतीन फूट.

दिवाळीत बहिणीने भिंत रंगवून घेतली. फोनवर मी विचारलं, ते अक्षर ठेवलं का? ती म्हणाली, "अरे दादा, किती विद्रूप दिसत होतं ते."