काचेला हात लावू नका!

उतरा बसमधून. सन १९६८, ट्रॉम्बे. वाटेत सुक्या बोंबलाचा वास आला, मग रिफायनरीचा. आता दोन्ही मिळून नाकात ठाण मांडून बसलेत. सदरा पाठीला चिकटलाय. तसेच प्रयोगशाळेत आत या, पण ते काचेचं बीकर आधी खाली ठेवा! आच सोसणाऱ्या त्या काचेत बोरॉन असतं, आणि आज तुम्हाला युरेनियममधलं बोरॉनच शोधायचंय. दहा लाख भागांत एक भाग निघाला तरी माल अणुभट्टीला चालत नाही, कारण बोरॉन न्यूट्रॉन गिळतं. घ्या ही प्लॅटिनमची मूस.

धातू नायट्रिक आम्लात विरघळतोय, तपकिरी धूर घशाला झोंबतोय. धूर ओढणारा पंखा इतका घरघरतो की शेजारच्याशीही ओरडून बोलावं लागतं. आटवून, भाजून उरते काळी भुकटी. तिच्या ९८ भागांत २ भाग गॅलियम ऑक्साइड खला. त्यातली १०० मिलिग्रॅम ग्रॅफाइटच्या कांडीच्या खळग्यात भरा, हलकेच दाबा, मधोमध सुईनं भोक पाडा. विसरलात तर आतला वायू उसळी मारेल आणि भुकटी टेबलभर!

काळा चष्मा लावलात? पेटला विजेचा आर्क! सूंऽऽ आवाज, जांभळट लोळ, तोंडावर धग. युरेनियमला मोकळं उडू दिलं, तर त्याच्या प्रकाशाच्या हजारो रेघा फोटोप्लेटवर संध्याकाळच्या दादरच्या पुलासारखी गर्दी करतील. त्यात बोरॉन कुठलं सापडायला? म्हणून गॅलियम. त्याची वाफ बोरॉनला घेऊन आधी निघते, युरेनियम खळग्यातच राहतं. मला विचाराल तर सगळ्या खटाटोपातली खरी अक्कल इथंच आहे.

प्लेट धुवायला अंधाऱ्या खोलीत चला. लाल दिवा, हायपोचा आंबूस वास, हवा जागची हलत नाही. हनुवटीवरचा घाम प्लेटवर पडू देऊ नका.

आता भिंग लावा. २४९६.८ आणि २४९७.७ अँगस्ट्रॉम तरंगलांबीला दोन रेघा, शेजारीशेजारी. फिकट, पण आहेत. बोरॉन!

‘‘युरेनियमला नंतर नावं ठेवा,’’ मागून वडीलधारे सहकारी म्हणतात. ‘‘कांडीच्या ग्रॅफाइटमध्येही बोरॉन असतं. आधी रिकामी कांडी जाळून बघा. आणि काय हो, ते बीकर कुणी वापरलं?’’