बडनेरा: आधी मोठं गाव, मग शहराचा भाग

आज फवारणीची नाही, कापसाच्या एका गावाची नोंद.

अमरावती नावारूपाला यायच्या आधी बडनेरा मोठं होतं. अहमदनगरच्या शाही घराण्यातल्या लेकीला आंदण दिलेलं, म्हणून लोक त्याले 'बडनेरा बिबी' म्हणत. 1822 मध्ये गाव लुटलं गेलं, तरी पुन्हा उभं राहिलं.

तेव्हा वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवर लादून थेट गंगाकाठच्या मिर्झापूरले जाये. 1860 च्या दशकात मुंबईकडून रेल्वे आली. मुख्य लाइन बडनेऱ्यावरून गेली, अमरावतीला नुसता फाटा. पुढे बडनेऱ्यात कापडगिरणीही निघाली. पण मोठा बाजार आणि कचेऱ्या अमरावतीत. शेवटी 15 ऑगस्ट 1983 ला दोन्ही नगरपालिका मिळून अमरावती महानगरपालिका झाली. बडनेऱ्याचं नाव टिकलं ते स्टेशनामुळं अन् मतदारसंघामुळं.

अकोला महापालिकेनंही 2016 मध्ये लगतची 24 गावं हद्दीत घेतली. हद्द वाढली की रस्ता येते, नळ येते, टॅक्सही येते. पण वावरं प्लॉटच्या नंबरात बुडतात. सातबाऱ्यावर गट नंबरासोबत शेताच्या स्थानिक नावाचा रकाना असते, पण तिथं 'आंब्याचं वावर' असं लिहिलेलं असेलच असं नाही.

आपल्या बार्शीटाकळीच्या देवळात शके 1098 चा शिलालेख आहे. कोणीतरी कोरून ठेवला, म्हणून साडेआठशे वर्षांची खूण राहिली. आपण दगड कोरू शकत नाही, पण वावराचं नाव, जुनी विहीर, पांदण एका वहीत लिहून ठेवू शकतो. म्हातारी माणसं आहेत तोवर विचारून घ्या. तुमच्या वावराले काय म्हणतात, खाली सांगा.